चौकडीला किती गुण?

तो खोका ऑफिसात आला तेव्हा कुणालाच तो घरी न्यायचा नव्हता. एरवी नवा फोन आला की आधी कुणी हातात घ्यायचा यावरून चढाओढ लागायची. पुण्यातली ती मराठी वेबसाइट मोबाइल, टीव्ही, घड्याळं, हेडफोन अशा सगळ्या गोष्टींची परीक्षणं छापायची. आयशा शेख तिथे गेमचं सदर लिहायची. खोका गेमच्या यंत्राचा होता, तेव्हा तो फिरून फिरून तिच्याच टेबलावर आला.

यंत्राचं नाव 'चौकडी'. पुण्यातल्याच एका छोट्या कंपनीनं ते बनवलं होतं. टीव्हीला जोडायचा एक चौकोनी डबा, त्याच्या चार बाजूंनी चार वायरी आणि प्रत्येक वायरीच्या टोकाला एक रिमोट. पत्रकारांना दाखवायच्या कार्यक्रमात कंपनीच्या प्रमुख पुष्पांजली कुलथे जेमतेम पाच वाक्यं बोलल्या होत्या. "हे यंत्र एकट्याला खेळता येत नाही," त्या म्हणाल्या, "आणि ते मुद्दाम तसं केलंय." समोरच्यांना तो विनोद वाटला. काहीजण हसले. पुष्पांजलीबाई हसल्या नाहीत.

आयशानं ते आपल्या खोलीवर नेऊन लावलं. टीव्हीवर अक्षरं उमटली, 'चौघं आहात का?' खाली हो आणि नाही. तिनं नाही दाबलं. टीव्ही म्हणाला, 'मग वाट बघू.' आणि खरंच तो वाट बघत बसला. खोलीत तिच्यासोबत राहणारी मैत्रीण कामावरून येऊन झोपली होती. दुसऱ्या दिवशी ऑफिसात आयशानं तिघांना पकडून बसवलं. एकाला मध्येच फोन आला, दुसऱ्याला मीटिंग होती. डबा परत खोक्यात गेला.

तोवर इतरांची परीक्षणं यायला लागली होती. चित्रं दहा वर्षं जुनी वाटतात, असं एकानं लिहिलं. दुसऱ्याचं म्हणणं, इंटरनेटवरून लांबच्या मित्राशी खेळता येत नाही म्हणजे आजच्या काळात कमालच झाली. डब्याची बांधणी, रिमोटचा हाताला बसणारा आकार यांचं कौतुक बहुतेकांनी केलं, पण ते कौतुक नापास मुलाच्या अक्षराचं करतात तसं होतं. सगळ्यांत जास्त पाहिल्या गेलेल्या एका व्हिडिओत परीक्षकानं दहापैकी चार गुण दिले आणि म्हटलं, "कल्पना गोड आहे, पण कल्पनेशी खेळता येत नाही."

"तुझं कधी?" संपादक महामायाताईंनी विचारलं.

"ईदला घरी जातेय. तिथून पाठवते."

"घरी नेऊन काय करणार? सगळे चारच देतायत. चार दे आणि सुट्टी घे."

"ताई, खेळल्याशिवाय चार तरी कसे देऊ?" आयशा म्हणाली आणि खोका बॅगेत कोंबला.

तिचं गाव बीबी, लोणार तालुक्यातलं. जालन्याच्या पुढे रस्ता बुलडाणा जिल्ह्यात शिरला की तिच्या तोंडातली भाषा आपोआप सैल व्हायची. पुण्यात ती शब्द जपून वापरायची. पहिल्या नोकरीत ती 'का'ला 'काऊन' म्हणाली म्हणून कुणीतरी महिनाभर हसलं होतं, तेव्हापासून.

अब्बा, म्हणजे शकूर टेलर, यांचं बाजाराच्या रस्त्यावर शिलाईचं दुकान. ईदच्या आदल्या संध्याकाळपर्यंत मशीन चालवून ते इतके थकायचे की नमाज आणि गळाभेटी झाल्या की दिवसभर झोपूनच काढायचे. दुसऱ्या दिवशी मात्र घरात निवांतपणा होता. दुपारी शेजारच्या शालूबाई शीरखुर्म्याचा डबा परत द्यायला आल्या. रिकामा डबा परत द्यायची त्यांची रीत नव्हती, त्यात लिंबाचं लोणचं होतं. आयशाच्या घरी आपसात उर्दू-हिंदी चालायची, पण शालूबाई आल्या की सगळेच वऱ्हाडीवर यायचे.

"शालूकाकू, बसा ना थोडं," आयशा म्हणाली. "मले चौघं पाह्यजेत."

"काय करासाठी व?"

"खेळासाठी."

"माह्या घरी भांडे पडून हायेत अन् मी खेळू?" असं म्हणत शालूबाई बसल्या. अम्मीनं, इमामबीनं, पदराला हात पुसले. अब्बांना उठवून आणलं.

पहिला खेळ बाजेचा होता. टीव्हीवर एका बाजेवर एक म्हातारा घोरत पडलेला. चौघांनी बाजेचा एकेक पाय उचलायचा आणि म्हाताऱ्याला जाग न येऊ देता बाज घरातून अंगणात न्यायची. प्रत्येकाच्या रिमोटवर फक्त आपापला पाय. एक पुढे गेला आणि दुसरा मागे राहिला की बाज कलंडायची.

"ओ शकूरभाऊ! तुमी कोन्या गावाले चालले? बुढा पडीन ना!"

"वहिनी, तुमीच उभ्या हाय जागच्या जागी."

"मी दाराची चौकट पाहून राह्यली. हे बाज आडवी निघत नाई इथून. उभी करा लागते."

"उभी केली तं बुढा घसरीन!" अम्मी ओरडली आणि म्हातारा घसरलाच. टीव्हीवर तो उठून बसला आणि चौघांकडे डोळे वटारून बघायला लागला. शालूबाईंनी नकळत डोक्यावरचा पदर सारखा केला.

सहाव्या-सातव्या खेपेला बाज अंगणात पोहोचली. शालूबाईंनी रिमोट मांडीवर ठेवला आणि दोन्ही हातांनी टाळी वाजवली. आयशानं त्यांना लहानपणापासून पाहिलं होतं. हळदीकुंकवात, बाजारात, शेतावर. त्या हसायच्या कमी आणि टाळी वाजवताना तर तिनं त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

मग दुसरा खेळ, 'चोर कोण'. टीव्हीवर आंब्यांची टोपली. चौघांपैकी एकाच्याच रिमोटला हातातल्या हातात हलका धक्का बसतो. तो चोर. त्यानं गुपचूप बटण दाबायचं, एक आंबा नाहीसा होतो. बाकीच्यांनी बोलून, विचारून चोर ओळखायचा. टीव्हीवर याहून जास्त काही घडत नाही.

पहिल्याच डावात इमामबी किंचाळली, "या अल्लाह! हे तं चावलं मले!"

तो डाव तिथेच संपला. दुसऱ्या डावात शालूबाई चोर झाल्या आणि त्यांनी इतका गंभीर चेहरा केला की त्यावरूनच त्या पकडल्या गेल्या. तिसऱ्या डावात आंबा गेला. चौथ्यात गेला, पाचव्यात गेला, आणि चोर सापडेना. शालूबाईंनी आयशाला धरलं, आयशानं अम्मीला. अब्बा शांतपणे म्हणत होते, "मले वाटते आयशाच असन. पुण्याले जाऊन पोरगी बिघडली."

तिन्ही वेळा चोर तेच होते.

इमामबी नवऱ्याकडे बघतच राहिली. "या माणसासंग मी आयुष्य काढलं, अन् मले पत्ता नाई का हा असं तोंड करू शकते!"

"पत्ता कसा नाई?" शालूबाई म्हणाल्या. "ईदच्या आधी दुकानात जाऊन उभी राह्य. 'उद्या या, कपडे तयार हायेत' हे म्हणताना पाह्य त्यायचं तोंड."

अब्बा इतके हसले की त्यांना ठसका लागला. आयशानं त्याच क्षणी टीव्हीकडे पाहिलं. टीव्हीवर रिकामी टोपली होती, साधी, चित्रकलेच्या तासाला पोरं काढतात तशी. खोलीत तिच्याशिवाय कुणीही तिकडे बघत नव्हतं. सगळे एकमेकांचे डोळे बघत होते. तिला एकदम पटलं की चित्रं साधी ठेवणं ही गरिबी नव्हती. पडद्यावर बघण्यासारखं काही असतं तर यांनी एकमेकांकडे पाहिलंच नसतं. तिनं आतापर्यंत कितीतरी यंत्रं हाताळली होती. खेळणाऱ्याची नजर आपल्यावरून मुद्दाम उडवून लावणारं यंत्र तिनं पहिल्यांदाच पाहिलं.

भांडी तशीच राहिली. शालूबाईंचे मालक उत्तमराव त्यांना शोधत आले आणि दारात उभं राहून चोर कोण ते सांगायला लागले, म्हणून त्यांना हाकलून देण्यात आलं.

त्या आठवड्यात आयशानं परीक्षण लिहिलं. दोषही सगळे लिहिले. वायरी आखूड आहेत. डबा तासाभरात तापतो. सुरू व्हायला वेळ लावतो. सोबतच्या पाच खेळांपैकी दोन कंटाळवाणे आहेत. एकट्या माणसाला याचा काडीचा उपयोग नाही. आणि तरीही दहापैकी आठ.

महामायाताईंचा लगेच फोन आला. "आठ? आयशा, बाकीचे सगळे काय वेडे आहेत?"

"त्यांना चौघं मिळाले नसतील."

"आणि तुला मिळाले ते तुझ्या घरचे. आई-वडील, शेजारीण, ईदचा सण. अशा वेळी पत्ते काढून बसवले असते तरी मजा आली असती. त्यात यंत्राचं काय कौतुक?"

प्रश्न चुकीचा नव्हता. यंत्र चांगलं होतं की सण चांगला होता?

"दोन दिवस द्या," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बीबीचा बाजार होता. तिनं अब्बांच्या दुकानात कापडाचे गठ्ठे सरकवून छोटा टीव्ही मांडला आणि दुकानात जे येतील त्यांना बसवलं. एकमेकांना न ओळखणारी माणसं. ब्लाउज न्यायला आलेली एक शिक्षिका, सोयाबीनचं बियाणं घेऊन निघालेला एक शेतकरी, पायजम्याला नाडी घालून घ्यायला आलेले एक हाजीसाहेब आणि समोरच कांदे विकत बसलेली तानुबाई, जी गिऱ्हाईक नसताना रिमोट हातात घ्यायची आणि गिऱ्हाईक आलं की तो हाजीसाहेबांकडे सोपवायची. सुरुवातीला सगळे अवघडून बसले. अर्ध्या तासानं शेतकरी शिक्षिकेला म्हणत होता, "मॅडम, खोटं बोलू नका, तुमचे कान लाल झाले." तानुबाईचं निम्मं लक्ष कांद्यांवर होतं, तरी तिनं सगळ्यांना हरवलं. निघताना चौघं एकमेकांची गावं विचारून गेले.

आयशानं हे सगळं, आधीच्या घरच्या खेळासकट, फोनवर चित्रित केलं होतं, ज्याची त्याची परवानगी घेऊन. तिनं ते महामायाताईंना पाठवलं. बऱ्याच वेळानं उत्तर आलं. "आठ राहू दे. व्हिडिओसुद्धा टाकू. माणसं बोलतात तशीच टाकू, वरून तुझा आवाज नको."

परीक्षण आलं आणि लोक त्यावर तुटून पडले. कुणी म्हणालं, कंपनीनं लिहून घेतलंय. चार गुण देणाऱ्या परीक्षकानं आपल्या पुढच्या व्हिडिओत हसत हसत सांगितलं, "मावशी किती हसल्या यावरून गुण देत नसतात." शालूबाईंचं 'तुमी कोन्या गावाले चालले' कुणीतरी कापून, खाली ढोलकी वाजवून सगळीकडे फिरवलं. त्याखाली लोक त्यांची भाषा लिहून लिहून हसत होते. आयशाच्या ऑफिसातल्या एकानं तो तुकडा तिलाच पाठवला, तो तिच्याच व्हिडिओतला आहे हे माहीत नसल्यामुळे.

स्वतःची भाषा ती इतकी वर्षं दडवत आली आणि शालूकाकूंची मात्र उघड्यावर मांडली. तिनं घाबरतच फोन लावला.

"काकू, तुमचा तो व्हिडिओ..."

"पाह्यला. सगळ्यायनं पाह्यला. तिकडं शेगावले माह्या बहिणीनंबी पाह्यला."

"लोक हासून राह्यले काकू. मले खूप वाईट वाटून राह्यलं. काढून टाकू का?"

"काऊन?" शालूबाई म्हणाल्या. "बुढा पडून राह्यला होता तं मी काय बोलाव? हासले तं हासू दे. पण एक सांग, हासले त्यायनं थो डबा घेतला का नाई?"

"नाई घेतला."

"मंग त्यायले काय समजलं? त्यायनं फक्त मले पाह्यलं. खेळ कुठी पाह्यला?"

आयशानं व्हिडिओ काढला नाही. तिनं कुणाला उत्तरही दिलं नाही. फक्त पुढच्या परीक्षणापासून व्हिडिओत ती स्वतः जशी शालूकाकूंशी बोलते तशी बोलायला लागली. महामायाताईंनी एकदा भुवया उंचावल्या आणि व्हिडिओ तसाच जाऊ दिला.

चौकडी काही चालली नाही. दुकानांनी ती मागच्या फळीवर ढकलली आणि वर्ष उलटायच्या आत कंपनी बंद झाल्याची चार ओळींची बातमी आली. ती बातमी आयशानंच लावली. लावताना तिला एखाद्या चांगल्या माणसाच्या निधनाची बातमी लावावी तसं झालं. उरलेली यंत्रं मिळेल त्या भावात निघाली आणि कुठे कुठे पोहोचली.

कुठे पोहोचली ते तिला हळूहळू कळत गेलं. तिच्या त्या जुन्या परीक्षणाखाली, जे आता कुणी वाचत नसेल असं तिला वाटायचं, लोक लिहायला लागले. अकोल्यातल्या नर्सेसच्या वसतिगृहातून कुणीतरी लिहिलं की ड्युटीवरून आल्यावर आम्ही आधी बाज अंगणात नेतो, मग जेवतो. खामगावच्या एका रिटायर्ड मास्तरांनी बाजेच्या खेळाचा वेगळाच मार्ग शोधला होता, तो त्यांनी सविस्तर लिहिला. चिखली तालुक्यातल्या उंद्रीहून पूनम नावाच्या शेतकरी घरातल्या सुनेनं लिहिलं, "माझे सासरे माझ्याशी कधी थेट बोलत नव्हते. सासूबाईंमार्फत निरोप यायचा. परवा त्यांनी मला सगळ्यांसमोर चोर म्हटलं. मी इतकी खूश झाले की सांगू शकत नाही."

मग पूनमनंच सुचवलं, आपण सगळे एकदा भेटू या. शेगाव सोयीचं पडेल. रेल्वे आहे, राहायला लॉज आहेत, ज्यांना महाराजांचं दर्शन घ्यायचं त्यांचं तेही होईल.

आयशानं पुष्पांजलीबाईंचा नंबर मिळवून त्यांना बोलावलं. फोनवरचा आवाज थकलेला होता. "तुमचं परीक्षण मी वाचलं होतं," त्या म्हणाल्या. "आभारी आहे. पण जे चाललं नाही त्याचा मेळावा कशाला? मी आता दवाखान्यातली उपकरणं बनवते. त्यात बरं चाललंय." आयशानं तारीख आणि पत्ता सांगून ठेवला, आग्रह केला नाही.

थंडीतला रविवार होता. स्टेशनजवळच्या एका लॉजचा जेवणाचा हॉल त्यांनी घेतला होता. आयशाला वाटलं होतं दहा-पंधरा माणसं येतील. गाडी आली तसे लोक पिशव्यांतून डबे घेऊन यायला लागले आणि दुपारपर्यंत हॉल भरला. टीव्ही कमी पडले तेव्हा लॉजच्या मॅनेजरनं रिकाम्या खोल्यांतले टीव्ही भिंतीवरून उतरवून दिले. बीबीहून शालूबाई, इमामबी आणि अब्बा आले होते. शालूबाई पहाटेच दर्शन करून आल्या होत्या, कपाळावर बुक्का तसाच होता. त्यांना बघून नर्सेसच्या घोळक्यातून कुणीतरी ओरडलं, "कोन्या गावाले चालले!" आणि अख्खा हॉल हसला. शालूबाईंनी त्यांना हात केला, एखाद्या पुढारी बाईसारखा.

आयशा वायरी जोडत, माणसं बसवत पळत होती, त्यामुळे घरच्यांच्या चौकडीत एक जागा रिकामी राहिली. शालूबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. भिंतीला टेकून एक बाई उभी होती. आखूड पांढुरके केस, खांद्याला झोळी.

"ओ बाई, एकल्या काऊन उभ्या? या इकडं, आमाले चौथा पाह्यजे."

बाई जरा घुटमळल्या, मग येऊन बसल्या. 'चोर कोण' सुरू झाला. पहिल्या डावात त्या पकडल्या गेल्या. दुसऱ्यातही. तिसऱ्यात तर त्यांच्या रिमोटला धक्का बसला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की इमामबीनं बोट दाखवलं, "ह्याच!" आंबा अजून जायचा होता.

"बाई, तुमाले हा खेळ जमत नाई," शालूबाईंनी निकाल दिला. "पण बसा. शकूरभाऊच्या तोंडाकडं पाहत राहा, शिकसान."

आयशा तिकडून जात होती. तिनं त्या बाईंना पाहिलं आणि थबकली. "पुष्पांजलीताई! तुम्ही आलात?"

शालूबाईंनी एकदा आयशाकडे, एकदा पाहुणीकडे पाहिलं. "कोन ह्या?"

"काकू, हे यंत्र ह्यांनीच बनवलंय."

"हे तुमी बनवलं?" शालूबाईंचा आवाज चढला. "अन् तुमालेच जमत नाई?"

पुष्पांजलीबाई हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी चष्मा काढला आणि झोळीच्या टोकानं डोळे पुसले, आणि बराच वेळ पुसत राहिल्या. इमामबीनं पाण्याचा तांब्या पुढे केला.

"आम्ही चौघी बहिणी," पुष्पांजलीबाई म्हणाल्या. "वडील फार कडक. जेवताना बोलायची सोय नव्हती. धाकटी बाजूच्या पाटावरून पायानं टोचायची आणि मला हसू दाबत जेवावं लागायचं. तो टोचा मला रिमोटमध्ये हवा होता. ऑफिसात आम्ही इंजिनिअरांकडून खेळून घेतलं. ते सगळे टीव्हीकडे बघायचे. तेव्हा मला वाटलं, आपलं चुकलं."

"चुकलं नाई," शालूबाई म्हणाल्या. "पण वायर लईच तोकडी हाय. अन् पंखा बंद असला का हे रिमोट गुरगुरते ते ऐकू येते. चोर लगेच सापडते. ते नीट करा."

"अजून?"

मग जे सुरू झालं ते संध्याकाळपर्यंत चाललं. मास्तरांनी बाजेचा मार्ग दाखवला, जो खेळ बनवणारीलाच माहीत नव्हता. नर्सेसनी दोन कंटाळवाणे खेळ कंटाळवाणे का आहेत ते सांगितलं. पूनमचा नवरा गोविंदा विचारत होता की आपल्याला यात नवा खेळ घालता येईल का. पुष्पांजलीबाई मांडी घालून बसल्या होत्या आणि प्रत्येकाला प्रश्नावर प्रश्न विचारत होत्या. फोनवरच्या त्या थकलेल्या आवाजाचा मागमूस नव्हता.

संध्याकाळी आयशा त्यांना गाडीत बसवायला स्टेशनवर गेली. फलाटावर भाविकांची गर्दी होती. एका बाकावर दोघींना जागा मिळाली.

"चार गुणवाल्याचा तुम्हाला राग नाही आला?" आयशानं विचारलं.

"आला होता. पण तो खोटं लिहीत नव्हता. त्याच्या खोलीत तो एकटाच होता. त्याच्यासाठी तो डबा चारचाच." पुष्पांजलीबाई रुळांकडे बघत होत्या. "तुम्ही आठ दिलेत याचं मला तेव्हा फार काही वाटलं नाही, खरं सांगते. कौतुकाची सवय नसली की ते कुणा दुसऱ्याचं वाटतं. पण त्यात तुम्ही लिहिलं होतं की शेवटी कुणी टीव्हीकडे बघतच नव्हतं. ते वाक्य मी कितीदा वाचलं. आमच्या ऑफिसात जे एकदाही घडलं नाही, ते तुमच्या घरात पहिल्या दिवशी घडलं होतं. कंपनी बंद करताना सगळे मला म्हणत होते की तू कुणालाच नको असलेली वस्तू बनवलीस. मला माहीत होतं की असं नाही. निदान एका खोलीत तरी नाही."

गाडी आली. त्या चढल्या, खिडकीशी बसल्या आणि म्हणाल्या, "त्या गोविंदाला माझा नंबर द्या."

पुढे झालं ते एवढंच. चौकडी पुन्हा बाजारात आली नाही. वर्तमानपत्रांनी दखल घेतली नाही. पण पुष्पांजलीबाईंनी खेळ बनवायची सगळी साधनं इंटरनेटवर फुकट ठेवली, कुणीही घ्यावी अशी. शेगावचा मेळावा यंदाही झाला आणि यंदा दुसऱ्या लॉजचाही हॉल घ्यावा लागला. महामायाताई स्वतः आल्या होत्या. त्या शालूबाईंसमोर बसून सलग चार डाव हरल्या आणि परत जाताना गाडीत आयशाला म्हणाल्या, "एकही गुण कापायला नको होता, तू दोन कापलेस."

गोविंदानं वर्षभर खपून एक खेळ बनवला. चौघांनी मिळून विहिरीतून मोटर बाहेर काढायची. दोर चौघांच्या हातात, मोटर जड आणि वरून एक म्हातारी सारखी वेगवेगळ्या सूचना देते. हॉलमध्ये तो खूप चालला. लोक हसून लोळले. म्हातारीचा आवाज शालूबाईंचा होता.

आयशानं त्याचं रीतसर परीक्षण लिहिलं आणि दहापैकी सहा गुण दिले. परीक्षण आलं त्याच सकाळी उंद्रीहून फोन आला.

"ताई, सहा काऊन? सगळे तं लोळून राह्यले होते!"

"लोळले म्हातारीमुळं. दोराचं काय? दोर चौघांच्या हातात असून खेचते एकच जण, बाकीचे नुसते धरून बसतात. तिघांना काम दे."

पलीकडे गोविंदाच्या मागून पूनमचा आवाज येत होता, "मी म्हटलंच होतं तुमाले."

"थांबा, लिहून घेतो," तो म्हणाला. "हां, सांगा आता."